यानातल्या किल्ल्या

तर ऐका. आधीच सांगते, हसायचं नाही. म्हणजे हसालच, पण निदान पहिल्या वाक्याला तरी नको.

हातात रिळांच्या पत्र्याच्या डब्यांचा मनोरा, सगळ्यात वरचा डबा हनुवटीखाली दाबलेला, आणि समोर ते दार! साउंड स्टुडिओचं दार म्हणजे काय असतं माहितीये? चांगलं वीतभर जाड. बाहेरचा चकार शब्द आत जाता कामा नये म्हणून. हात मोकळे असले तरी खांदा लावावा लागतो त्याला. आणि चिकटपट्टीचे तर दोन्ही हात भरलेले.

चिकटपट्टी म्हणजे आपली नायिका. जुन्या सिनेमांची रिळं पुसायची, फाटलेल्या कडा सांधायच्या, तुटलेलं जोडायचं हे तिचं काम. म्हणून अख्खी लॅब तिला चिकटपट्टी म्हणायची, आणि आता तीही त्याच हाकेला ओ द्यायची.

तेवढ्यात मागून टाचांचा आवाज आला. टक्... टक्... टक्. अगदी ठसक्यात, नटूनथटून लग्नाला निघालेल्या बाईसारखा.

"मावशी," ती मान न वळवता म्हणाली, "जरा दार उघडता का हो? माझे हात अडकलेत."

टाचा थांबल्या. मग तिच्या कानाजवळून एक हात पुढे आला. चांगला केसाळ हात!

"मावशी नाही," मागून जाड आवाज आला, "पण दार उघडतो."

ती गर्रकन वळली. आणि वळायला नको होतं, कारण हनुवटी सुटली, वरचा डबा निसटला आणि घरंगळत निघाला व्हरांड्यातून. तिच्यासमोर उभा होता एक उंचच्या उंच दाढीवाला, आणि त्याच्या पायात... लाल रंगाच्या, उंच टाचांच्या सँडल. त्याच्या स्वतःच्या टाचा मागून दोन बोटं बाहेर आलेल्या.

"थांबा, आणतो!" म्हणून तो पळाला. त्या सँडलवर! टकटकटकटक... आणि काय सांगू, पळत जाऊन, वाकून, डबा उचलून परत आला, एकदाही पाय मुरगळला नाही.

"हे माझं काम आहे," तो डबा देत म्हणाला.

"डबे उचलायचं?"

"सँडल घालायचं."

"मी काही विचारलं नाही हं."

"तुम्ही ओठ चावताय. रक्त येईल. हसा एकदाचं."

आणि ती हसली. अशी हसली, की बाकीचे डबेही खाली ठेवावे लागले.

आता त्याचं काम सांगते. सिनेमात माणसं चालतात, दारं लावतात, पेला ठेवतात, त्यातले बरेचसे आवाज नंतर स्टुडिओत वेगळे तयार करतात. पडद्याकडे बघायचं आणि पडद्यावरचं माणूस जसं चालेल तसं माइकसमोर आपण चालायचं. तो ते करायचा. राजाची पावलं त्याची, चोराची त्याची, आणि ज्या बाईची पावलं करायला कुणी मिळालं नाही तिचीही त्याचीच. चिकटपट्टीने त्याचं नाव तिथल्या तिथे ठेवून टाकलं, पावलंवाला.

आणि तो आला होता बाईंच्या सिनेमासाठी.

बाई म्हणजे दिग्दर्शिका. आता वय झालंय, काठी घेऊन चालतात, पण एके काळी काय दरारा होता! एक सिनेमा इतिहासातला, तर पुढचा थेट अवकाशातला. एकात घोडे, मशाली, तटावरचे पहारे; दुसऱ्यात रॉकेट, परके ग्रह, काचेची शिरस्त्राणं. समीक्षक म्हणायचे, बाईंना कालचं दिसतं, उद्याचं दिसतं, फक्त आजचं तेवढं दिसत नाही. पैसा तर कधीच पुरायचा नाही. म्हणून मग किल्ल्यातल्या सैनिकांची शिरस्त्राणं चंदेरी रंगवून अंतराळवीरांच्या डोक्यावर. 'तटबंदी' सिनेमातला तो प्रचंड लाकडी दरवाजा होता ना, तोच पुढे रंग फासून 'मंगळावरचं बिऱ्हाड'मध्ये यानाचं दार झाला. नीट बघितलं तर चंदेरी रंगाखाली दरवाजाचे खिळे दिसतात.

चिकटपट्टीने नीट बघितलं होतं. तेही लहानपणी, आणि कितीदा त्याचा हिशेबच नाही.

तिची आई नर्स. आईची ड्युटी दुपारची असली की पोरीला ठेवायचं कुठे? तर आत्याकडे. आत्या एका जुन्या थिएटरात तिकीटखिडकीवर. आत्या तिला मागच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवायची, हातात बिस्किटाचा पुडा द्यायची आणि म्हणायची, "हलायचं नाही. आई आली की नेईल." त्या थिएटरात बाईंचे जुने सिनेमे आलटून पालटून लागायचे. मोठ्या अंधारात एवढीशी पोर, एकटी. पण घाबरली नाही कधी. का नाही घाबरली, ते पुढे येईल.

आता लॅबमध्ये बाईंचे दोन सिनेमे दुरुस्तीला आले होते. 'तटबंदी' बरा होता. 'मंगळावरचं बिऱ्हाड'ची मात्र जगात एकच प्रत उरलेली, आणि तीही कुठल्या तरी तळघरात ओल धरलेली. चिकटपट्टीने हातमोजे घालून ते रीळ उलगडलं आणि उजेडात धरून बघितलं. चित्र शाबूत होतं. पण जुन्या फिल्मवर आवाज असतो कडेला, चित्राच्या शेजारी, एका बारीक पट्ट्यात. आणि एका जागी ती कडच ओलीने खाल्ली होती. नेमकी कुठे? तर चालण्याच्या प्रसंगात.

चालण्याचा प्रसंग म्हणजे बाईंची सही. प्रत्येक सिनेमात असतोच. दोन माणसं शेजारी शेजारी चालतात, बोलत नाहीत, संगीत नाही, काही नाही. नुसती पावलं. 'तटबंदी'त किल्लेदाराची बायको आणि निरोप्या तटावरून चालतात. 'मंगळावरचं बिऱ्हाड'मध्ये तो आणि ती यानाच्या लांबच लांब बोळातून चालतात, कारण बोळाच्या टोकाला दार आहे आणि दारापलीकडे त्याला एकट्याला जायचंय.

"नवीन आवाज करावा लागेल," लॅबचे काका म्हणाले. सगळे त्यांना काका म्हणायचे, त्यांच्या बायकोसकट. "आणि बाईंना पसंत पडला नाही, तर हा प्रसंगच निघेल सिनेमातून. मुका ठेवायला त्या तयार नाहीत."

"मग बाईंनाच विचारू ना, आधी काय आवाज होता?" चिकटपट्टी म्हणाली.

काकांनी कानाला हात लावला. "बाईंना मधे विचारायचं नाही. करून दाखवायचं. त्या एकदा बघणार आणि एकच काय ते सांगणार, 'राहू दे' नाहीतर 'काढा'. आयुष्यभर तेवढ्यावर सिनेमे केलेत त्यांनी."

तरी हिने गुपचूप फोन लावलाच.

"तयार आहे?" पलीकडून आवाज.

"नाही, पण बाई, मला एक..."

"मग तयार झाल्यावर." ठक्. फोन बंद.

तर असा सगळा मामला. आणि पावलंवाल्याची पंचाईत अशी, की यानातली ती त्याला जमेचना. एकट्या बाईची पावलं तो बिनचूक करायचा. पण शेजारी पुरुषाची पावलं लागली, की त्याची बाई एकदम दणदण चालायला लागायची.

"हिला मिशा आहेत असं वाटतंय," हेडफोन काढून चिकटपट्टी म्हणाली. ती आता रोज काही ना काही निमित्त काढून स्टुडिओत यायची. कधी रीळ द्यायला, कधी रीळ न्यायला, कधी नुसतंच 'माझा चिमटा राहिला का इथे' विचारायला.

"मग तू चाल," तो म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"मी? मला काय येतंय!"

"चालता येतं ना? इथवर तर चालतच येतेस. दिवसातून चारदा."

ती लाल झाली. अगदी त्या सँडलइतकी.

पण त्याने आधी तिला ऐकायला शिकवलं. म्हणाला, "तुझे डोळे फार शहाणे आहेत, कान अजून लहान आहेत." मग एक दिवस तिला डोळे मिटून बसवलं. आणि... पाऊस सुरू झाला. आधी टपटप, मग सरसर, मग असा कोसळला, की तिने अंग आक्रसून घेतलं. तिला ओल्या मातीचा वास आला, शप्पथ! डोळे उघडले तर हा पठ्ठ्या स्टुलावर उभा, हातात सूप, आणि पत्र्याच्या ताटांवर तांदूळ ओततोय.

"भिजलीस?" त्याने वरून विचारलं.

तिच्या केसात तांदूळ अडकले होते. तो खाली उतरला, वाकला, एक दाणा बोटाने काढला... दुसरा काढला... तिसऱ्याला उगाच वेळ लावला.

"झालं का?" ती पुटपुटली.

"अजून सर आहे एक," तो म्हणाला. आणि दोघांनीही एकदम दुसरीकडे बघितलं.

मग चालणं सुरू झालं. जमिनीवर पत्रा अंथरलेला, समोर पडदा, दोघं शेजारी शेजारी. पडद्यावरची ती पाऊल टाकेल तेव्हा हिने टाकायचं, तो टाकेल तेव्हा याने.

"पडद्याकडे बघ. माझ्याकडे नको."

"मी कुठे बघतेय तुझ्याकडे!"

"मग पाऊल का चुकलं?"

"तुझंही चुकलं."

"माझं? माझं चुकलं कारण..." तो थांबला. "परत घेऊ."

अधेमधे कुठेतरी पडद्यावरची ती जराशी रेंगाळते. दार जवळ आलेलं असतं ना. आणि तो काही न बोलता आपलं एक पाऊल आखूड करतो, तिच्यासाठी. एवढंच. पण ते जमवायला दोघांना श्वासही बरोबर घ्यावा लागायचा. होता होता असं झालं, की पडद्याकडे न बघताही त्यांची पावलं पडायला लागली. जेवायला जाताना. जिन्यावरून उतरताना. काका एकदा म्हणाले, "काय रे, कवायत चाललीये का?"

आणि मग तो दिवस आला, किल्ल्यांचा.

टेक अगदी रंगात आला होता. पावलं जुळलेली, ती रेंगाळली, त्याने पाऊल आखूड केलं, आणि एकदम हेडफोन काढून तो म्हणाला, "थांब. खिशात काय आहे तुझ्या?"

"किल्ल्या."

"वाजताहेत. काढून ठेव."

"मुद्दाम ठेवल्यात." तिने मोठा श्वास घेतला. "या प्रसंगात किल्ल्यांचा आवाज होता. अगदी बारीक. ती चालायची तेव्हा यायचा."

तो बघतच राहिला. "यानात? मंगळावर जाणाऱ्या यानात किल्ल्या? कशाला, मागचं दार उघडं राहिलं म्हणून?"

"थट्टा नको करू."

"बरं, नाही करत. पण ऐक, किल्ल्या 'तटबंदी'त आहेत. किल्लेदाराच्या बायकोच्या कमरेला. तू दोन्ही सिनेमे लहानपणी एकाआड एक बघितलेस. त्यात दारही तेच. तुझ्या डोक्यात गल्लत झालीये, गं."

"नाही झाली."

"मला नुसत्या तुझ्या आठवणीवर बाईंच्या सिनेमात काही घालता येणार नाही." तो हळू बोलत होता, आणि तेच जास्त लागत होतं. "तू फाटलेलं जोडतेस. पण नव्हतं ते लावतेस का कधी?"

खरं होतं ते. तिने किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. किल्ल्यांशिवाय टेक झाला. सुरेख झाला. आणि त्या दिवशी जिन्यावरून उतरताना तिने मुद्दाम पावलं वेगळी टाकली.

घरी आल्याआल्या तिने आत्याला गाठलं. आत्या आता रिटायर होऊन यांच्याकडेच राहायची आणि दिवसभर आईशी भांडायची.

"आत्या, 'मंगळावरचं बिऱ्हाड'मध्ये किल्ल्यांचा आवाज यायचा ना?"

"मला काय विचारतेस? मी तिकिटं विकली, सिनेमे कुठे बघितले! आणि तू तरी कुठे बघितलेस? अर्ध्यात घोरायचीस."

"मी घोरत नव्हते!"

"बाहेर खिडकीपर्यंत यायचा आवाज. लोक विचारायचे, हा पण सिनेमातलाच का म्हणून."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात पेला, डोळे बारीक केलेले. "किल्ल्यांचं काय गं?"

आणि मग तिने सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच. की आई, त्या अंधारात मी एकटी बसायचे ना, तेव्हा ती बाई यानातून चालायला लागली की किल्ल्या वाजायच्या. बारीक. आणि अगदी तशाच वाजायच्या, जशा तू ड्युटीवरून आल्यावर दारात वाजतात. मला वाटायचं, एवढ्या लांब, ताऱ्यांच्या मधे आहे ती, तरी हिच्याजवळ घराची किल्ली आहे. म्हणजे ही परत जाणार. म्हणजे आई पण येणार. म्हणून मी कधी रडले नाही... आणि आता तो म्हणतो, ते नव्हतंच. मीच मनाने लावलं.

आईने पेला खाली ठेवला. तिच्या केसांवरून हात फिरवला फक्त. आत्याने मात्र पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "हा 'तो' कोण?"

"कुणी नाही!"

"कुणी नाही, तर एवढं रडायला काय झालं?"

चार दिवसांनी बाई आल्या.

लॅबचं छोटं थिएटर, दहाबारा खुर्च्या. बाई मधल्या खुर्चीत बसल्या, काठी मांडीवर आडवी. काका एका बाजूला उभे, घाम पुसत. पावलंवाला मागे, यंत्रापाशी. चिकटपट्टी भिंतीला पाठ लावून. दोघं त्या भांडणानंतर कामापुरतं बोलत होते. पुढच्या कामासाठी त्याला दुसऱ्या शहरात जायचं होतं, तेही तिला काकांकडूनच कळलं होतं.

अंधार झाला. यानाचा बोळ. दोघं चालायला लागले. पावलं... काय पावलं होती! पत्र्याचा थंडपणा ऐकू येत होता. ती रेंगाळली. त्याचं पाऊल आखूड झालं. दार. ते जुने खिळे. उजेड.

दिवे लागले.

"काढा," त्या म्हणाल्या.

बास. एवढंच. काकांचा रुमाल हातातल्या हातात राहिला. मागे पावलंवाल्याचा चेहरा पांढराफटक. तो प्रसंग गेला. म्हणजे जगातूनच गेला. पुन्हा कुणी मागच्या रांगेतली पोर तो बघणार नाही, ऐकणार नाही. आणि चिकटपट्टीला स्वतःलाच कळलं नाही, ती कधी बोलायला लागली.

"बाई... किल्ल्या होत्या ना?"

काकांनी डोळे मिटून घेतले.

बाई सावकाश वळल्या. "काय म्हणालीस?"

"ती चालायची तेव्हा. किल्ल्या वाजायच्या. बारीक." ती थांबली नाही. "मी लहानपणी ऐकल्यात. का कुणास ठाऊक, सगळे म्हणतात मला भास झाला. झाला असेल तर झाला. पण मी त्या आवाजावर लहानाची मोठी झालेय, बाई. तुमचे आभार मानायचे राहिलेत माझे. प्रसंग काढायच्या आधी तेवढे तरी घ्या."

थिएटरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पावलंवाल्याला तर नक्कीच.

बाईंनी काठी जमिनीवर टेकवली. "माझ्या घराच्या किल्ल्या होत्या त्या," त्या म्हणाल्या. "स्टुडिओ परवडायचा नाही तेव्हा. आमचे हे साउंड रेकॉर्डिस्ट. घरातल्याच पॅसेजमध्ये पत्रा टाकला आणि आम्ही दोघं चाललो. मी बाजारातून तशीच आले होते, किल्ल्या खिशातच. नंतर ऐकलं तर वाजताहेत! मी म्हटलं, काढा, यानात कसल्या किल्ल्या, लोक हसतील." त्या जराशा हसल्या. "तर हे म्हणाले, राहू दे. एवढ्या लांब चाललेत सगळे, कुणीतरी घरी जाणारं असू दे."

त्यांनी काठी पुन्हा मांडीवर घेतली.

"आज पावलं चांगली होती रे," त्या मागे न बघता म्हणाल्या. "पण त्यात आम्ही नव्हतो."

आता इथे काय झालं ते ऐका. पावलंवाला यंत्राकडे वळला. पुन्हा अंधार केला. पुन्हा बोळ, पुन्हा ते दोघं. पण या वेळी तिच्या प्रत्येक पावलाबरोबर, अगदी बारीक, जेमतेम ऐकू येईल असं... छुन्. छुन्. छुन्.

चिकटपट्टीने भिंतीला हात टेकला. तो टेक! तिच्या खिशातल्या किल्ल्यांचा, अर्धवट थांबवलेला. त्याने तो ठेवला होता. नुसता ठेवला नव्हता, थांबला होता तिथून पुढे, आधीच्याच छुनछुनीचे तुकडे लावून, सांधला होता. असा सांधला होता, की तिच्यासारखीलाही जोड सापडू नये.

बाईंनी डोळे मिटले होते. पडद्याकडे बघतच नव्हत्या. दार आलं, उजेड आला, किल्ल्या थांबल्या. बाईंच्या गालावरून काहीतरी ओघळलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

जाताना चिकटपट्टी त्यांच्या मागे धावली. काय काय बोलायचं होतं तिला! पण बाई थिएटरच्या तसल्याच जाड दारापाशी थांबल्या होत्या. "आभारबिभार पुरे झाले," म्हणाल्या, "दार उघड. या वयात जड जातं हे." आणि बाहेर पडता पडता तिच्या दंडाला धरून हळूच, "तो टेक त्याने का ठेवला, विचारलंस का? विचार."

व्हरांड्यात तो उभाच होता. पाय सँडलमध्ये नव्हते, तरी अवघडलेला.

"का ठेवलास?" तिने विचारलं. "नव्हतं ते लावायचं नाही म्हणालास ना?"

"लावणार नव्हतोच. बाईंना दाखवणारही नव्हतो." त्याने मान खाजवली. "नुसता ऐकायला सांधला होता. एकट्याने. तू चाललीस त्यातलं काही... पुसवत नाही मला."

"मग त्या दिवशी भांडलास कशाला?"

"भांडलो नाही. चुकलो. ते वेगळं असतं." आणि मग खाली बघत, "माझं पाऊल तेव्हा का चुकलं होतं, ते पण सांगू?"

"मला माहितीये."

"कधीपासून?"

"तिसऱ्या दाण्यापासून."

मग दोघंही हसले, आणि त्या हसण्यात चार दिवसांचा अबोला कुठल्या कुठे गेला. पण जायचं तर होतंच त्याला. त्याच संध्याकाळी. "तुझ्या किल्ल्या दे जरा," तो म्हणाला, "दारापाशी शेवटचा आवाज किंचित तुटलाय. एकदा नीट घेतो, मग निघतो." तिने दिल्या.

संध्याकाळी तो बॅग पाठीला लावूनच तिच्या टेबलाशी आला. किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या. खूप काही बोलणार असं वाटलं, पण म्हणाला काय, तर "रिळं जपून उचल. वरचा डबा हनुवटीखाली धरत जाऊ नकोस." आणि वळलासुद्धा. ती म्हणाली, "तू पण टाचा जप." याला काय निरोप म्हणायचं का? पण निघायची वेळ आली की असंच काहीतरी बोलतं माणूस.

तिने किल्ल्या खिशात टाकल्या आणि उलट बाजूने निघाली. एक पाऊल, दोन पावलं... आणि थबकली.

काहीतरी निराळं वाजत होतं.

पुन्हा एक पाऊल टाकलं. छुन्. नाही, छुनुन्. तिने किल्ल्या बाहेर काढल्या. घराची किल्ली, कपाटाची, लॅबची... आणि एक भलतीच. पितळी, जुनी, दांडीला लाल दोऱ्याचा तुकडा.

आणि अशी पळाली ती, व्हरांडाभर! तो लॅबच्या बाहेरच्या, तसल्याच जाड दाराला खांदा लावत होता, तेवढ्यात हिने गाठलं.

"ही कुठली?"

तो वळला. दाढीतसुद्धा कळलं, लाल झालाय.

"कान मोठे झाले की तुझे," तो म्हणाला. "माझ्या खोलीची आहे. म्हणजे... मी परत येईपर्यंत कुणाकडे तरी हवी ना. कुंडीला पाणी घालायला."

"कुंडी आहे तुझ्याकडे?"

"नाही. तू आणून ठेव एखादी."

दार अर्धवट उघडं, बाहेरचा संध्याकाळचा उजेड त्यांच्या पावलांवर.

"फार झालं का?" तो हळूच म्हणाला आणि हात पुढे केला. "काढू?"

तिने किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या. बाई आठवल्या तिला, बाईंचे 'हे' आठवले, मागच्या रांगेतली खुर्ची आठवली, आणि डोळे भरून आले तरी हसली.

"राहू दे," ती म्हणाली.